सब्र आणि फिर्याद

आजारी माणसाच्या उशाशी बसून आपल्याकडे दोन वाक्ये हमखास बोलली जातात. एक, 'सब्र करा' आणि दुसरे, 'अल्लाहची मर्जी'. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दुःखात असलेल्या माणसाला त्यांचा आधारही होतो. परंतु हीच वाक्ये अनेकदा भलत्या ठिकाणी वापरली जातात. सलाईन संपून तास उलटला तरी कोणी फिरकत नाही, 'सब्र करा'. सरकारी दवाखान्यात मिळायला हवे ते औषध बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडते, 'सब्र करा'. बाळंतिणीला कोणी अपमानास्पद बोलते, तरी घरची वडीलधारी मंडळी तिलाच गप्प करतात. मग मनात प्रश्न येतो की आजार सोसणे आणि आजाऱ्याची हेळसांड सोसणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय? तक्रार करणारा रुग्ण नाशुक्रा ठरतो काय? आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने कोणी बोलायचे?

हे प्रश्न हवेतले नाहीत. आपल्या खानदेशातल्याच दोन घटना पाहा. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेल्या एका माणसाला आणण्यात आले. तिथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ नव्हता. ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने रुग्णाला दुसरीकडे हलवायला सांगितले, तेव्हा जमावाने त्यालाच बेदम मारले. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबवले. दुसरी घटना जळगावची, जून २०२० मधली. कोरोनाची लागण झालेली ऐंशी वर्षांपुढची एक वृद्धा सरकारी रुग्णालयातून बेपत्ता झाली. घरच्यांनी चौकशी केली, पोलिसांत तक्रार झाली. आठवडाभराने तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले.

पहिल्या घटनेत लोकांचा हात उठला आणि दुसऱ्या घटनेत लोकांचे म्हणणे कोणाच्या कानापर्यंत पोहोचले नाही. वरवर पाहता या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. मला मात्र त्यांच्यात एक धागा दिसतो. दोन्ही ठिकाणी रुग्णाचे म्हणणे ऐकून घेईल आणि त्याचे उत्तर मागेल अशी जागा नव्हती, किंवा असली तरी लोकांना ती ठाऊक नव्हती. धुळ्यात तज्ज्ञ नेमलेला नव्हता, हा त्या तरुण डॉक्टरचा गुन्हा नव्हता. ती उणीव रुग्णाइतकीच त्यालाही जाचत असणार. पण जाब विचारायला समोर तोच एकटा होता. तक्रारीला दार नसले की ती एकतर घशात अडकते, नाहीतर भलत्याच माणसावर जाऊन आदळते.

आता सब्राकडे वळू. आपल्याकडे सब्राचे उदाहरण म्हणून हजरत अय्यूब यांचे नाव घेतले जाते. त्यांनी दीर्घ आजार सोसला, हे खरे. परंतु त्यांनी आपल्या यातना अल्लाहपुढे मांडल्या, हेही कुरआनातच आहे आणि तरीही त्यांना साबिर म्हटले आहे. हजरत याकूब आपले दुःख फक्त अल्लाहजवळ बोलतात, असा दाखला देऊन काही जण म्हणतात की, मोमिनाने माणसांजवळ तक्रार करूच नये. पण त्याच सूऱ्यात, सूरह यूसुफमध्ये, पुढे काय येते? हेच याकूब आपल्या मुलांना, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीबद्दल निराश होऊ नका, असे सांगून घराबाहेर पाठवतात. दुःख अल्लाहपुढे ठेवायचे आणि हरवलेल्याचा शोध माणसांनी घ्यायचा, अशी ती वाटणी आहे. जळगावच्या त्या घरच्यांनी आपल्या वृद्धेचा शोध घेतला, चौकशी केली. त्यांचे करणे सब्राविरुद्ध होते असे कोण म्हणेल?

याहून थेट उदाहरण सूरह मुजादिलाचे आहे. कुरआनातला हा अठ्ठावन्नावा सूरा. त्याचे नावच मुळी वाद घालणाऱ्या, दाद मागणाऱ्या स्त्रीवरून पडले आहे. हजरत खौला बिन्ते सालबा यांना त्यांच्या नवऱ्याने अज्ञानकाळातल्या रिवाजाप्रमाणे 'तू मला आईसारखी' असे म्हणून अधांतरी सोडले होते. त्या पैगंबर साहेबांकडे गेल्या आणि पहिल्या उत्तराने गप्प न बसता आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या. त्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि ती चाल रद्द झाली. पुढे हजरत उमर खलीफा असताना याच वृद्ध बाईंनी त्यांना रस्त्यात अडवून नसीहत केली आणि ते उभे राहून ऐकत राहिले, अशी रिवायत आहे. ज्या उम्मतीच्या ग्रंथातला एक सूरा एका बाईच्या फिर्यादीच्या नावाने ओळखला जातो, त्या उम्मतीतल्या बाईने वॉर्डात तोंड उघडू नये, ही शिकवण आपण कुठून आणली?

तोंड बंद राहण्याचे एक कारण धर्माच्या गैरसमजात आहे, तर दुसरे 'फुकट' या शब्दात. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत, मग कुरकुर कशाला, असे लोक स्वतःच म्हणतात. कायद्यानेही या समजुतीला नकळत खतपाणी घातले आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा महत्त्वाचा निकाल दिला. मात्र ज्या रुग्णालयात सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, ते रुग्णालय त्यातून वगळले गेले. केसपेपरसाठी घेतलेली किरकोळ नोंदणी फी म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे, असेही ठरले. अर्थात जो पैसे मोजतो तो ग्राहक, त्याला ग्राहक आयोग. जो मोजू शकत नाही त्याने दुसऱ्या कोर्टाचे दार शोधावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत केले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण मोफत आरोग्यसेवा ही खैरात आहे असे मानून ती घेतली, तर खैरात घेणाऱ्याची मान खाली जाते आणि जीभ बंद होते.

इथे पुन्हा आपली परंपरा आठवावी. धनवंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा जो वाटा आहे, त्याला कुरआनाने 'हक' म्हटले आहे. जकात देणारा उपकार करीत नाही आणि घेणारा मिंधा होत नाही, याचे कारण हा एक शब्द. सरकारी दवाखाना तर आपल्या सर्वांच्या करांतून चालतो. बिडी वळणारी बाई काडेपेटी आणि साबण विकत घेते तेव्हा तीही कर भरते. तेव्हा तिथला पलंग, औषध आणि दोन शब्द नीट बोलणे हा तिचा हक आहे. हक मागताना आवाज नम्र असावा, पण तो असला पाहिजे.

मग हा आवाज मांडायची जागा कोणती? आपल्या देशात ती अगदीच नाही असे नाही. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यासोबत सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समित्या आल्या. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला वर्षाला एक लाख, जिल्हा रुग्णालयाच्या समितीला पाच लाख आणि गावसमितीला दहा हजार रुपये असा निधी ठरला. समितीवर लोकप्रतिनिधी, अधिकारी, स्वयंसेवी संस्थांची माणसे असतात. बहुधा दवाखान्याचा प्रमुख डॉक्टरच सदस्य सचिव असतो. नावात 'रुग्ण' आहे, खुर्च्यांवर मात्र रुग्ण शोधावा लागतो. व्यवहारात समितीचा बराचसा वेळ पंखे, रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्तीच्या खर्चाला मंजुरी देण्यात जातो. पंखेही हवेतच. पण आपल्या फिकहमध्ये साक्षीदाराची एक अट आहे. ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतला आहे, त्याची साक्ष धरत नाहीत. दवाखान्याविरुद्धची तक्रार दवाखान्याच्याच प्रमुखाने मांडायची आणि त्यानेच टिपून घ्यायची, ही व्यवस्था या साध्या अटीत बसत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणून तुलना करावीशी वाटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे सांगितले. (२०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत ही समिती केवळ सल्लागार राहिली, तो भाग वेगळा.) दवाखान्यांच्या समित्यांसाठी असे प्रमाण का नसावे? अर्थात केवळ प्रमाणाने भागत नाही, हेही शाळेतच कळते. आई येते, रजिस्टरवर सही किंवा अंगठा करते, चहा घेते आणि 'आपको जो ठीक लगे' म्हणून निघून जाते. तिला बोलते करायला वर्ष जाते. तिच्या भाषेत विचारावे लागते, तिच्या सवडीची वेळ धरावी लागते आणि तिने मागच्या वेळी सांगितले त्याचे पुढे काय झाले, हे तिला सांगावे लागते. ही तिसरी गोष्ट झाली की मग ती आपणहून बोलते.

आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला अशा आया येतात. उर्दू वाचता येते, मराठी अर्जाची भाषा जमत नाही. एकदा एकीने बाळंतपणाच्या वेळी झालेल्या त्रासाबद्दल एका दवाखान्याच्या नावे अर्ज लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि म्हणाली, "बाजी, वो कागज फाड दो. नणंदेचे दिवस भरत आलेत, तिलाही तिथेच न्यायचंय." तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्याच्या हातात उद्या आपला जीव द्यायचा आहे त्याच्याविरुद्ध आज नाव घालून लिहायचे, हे धैर्य एकट्या बाईकडून मागणे अन्यायाचे आहे. म्हणूनच तिच्या आणि दवाखान्याच्या मध्ये कोणीतरी हवे, जे तिचे नाव पुढे न करता तिचे म्हणणे पुढे करील.

हे घडू शकते याचा पुरावा दूर शोधायला नको. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि नंदुरबार होते. नंदुरबार म्हणजे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग. पुण्याच्या 'साथी' संस्थेने या कामाचे राज्यपातळीवर समन्वयन केले. गावातल्या लोकांनी एकत्र बसून आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरायचे, अशी पद्धत होती. चांगले असेल तर हिरवा रंग, बरे असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. नर्सबाई गावात येतात का, औषध मिळते का, पैसे मागितले जातात का, वागणूक कशी मिळते, असे साधे प्रश्न. मग जनसुनवाईत सगळ्यांसमोर अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचे. अक्षर न येणाऱ्या माणसालाही रंग कळतो. आणि लाल रंग एका बाईचा नसतो, गावाचा असतो, त्यामुळे कोणा एकीवर राग निघत नाही. जळगाव आणि धुळे हे जिल्हे त्या पहिल्या पाचांत नव्हते. मेहरूण, तांबापुरा किंवा धुळ्याच्या वडजाई रोडसारख्या शहरी वस्त्या तर ग्रामीण अभियानाच्या कक्षेबाहेरच होत्या. शहरी अभियान २०१३ मध्ये आले आणि वस्त्यांत महिला आरोग्य समित्यांची तरतूद झाली. आपल्या मोहल्ल्यात ती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

परदेशातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांताची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ३१ लाख होती. आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची २०११ मध्येच ४२ लाखांवर होती. त्या चिमुकल्या वेल्समध्ये १ एप्रिल २०२३ पासून एक सार्वजनिक संस्था काम करते. तिचे नाव वेल्श भाषेत आहे आणि त्याचा अर्थ आहे 'आवाज'. २०२० च्या कायद्याने ती स्थापन झाली. ती दवाखान्यांच्या मालकीची नाही. लोक काय म्हणतात ते गोळा करून आरोग्यसेवेपुढे आणि स्थानिक प्रशासनापुढे मांडायचे, आणि तक्रार करणाऱ्याला तक्रार लिहिण्यापासून शेवटपर्यंत सोबत करायची, हे तिचे काम. दवाखान्याबरोबरच वृद्ध आणि अपंग यांची काळजी घेणाऱ्या सेवाही तिच्या कक्षेत येतात. संस्थेने मांडलेले म्हणणे विचारात घेणे संबंधितांवर बंधनकारक आहे.

तिथेही सारे आलबेल नाही. शेजारच्या इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे अतोनात हाल झाले. रुग्णांचे प्रतिनिधित्व करणारी मंडळे तेव्हाही होती, पण ती कुचकामी ठरली, असे २०१३ च्या चौकशी अहवालाने नोंदवले. आवाज उठवला तो मृतांच्या नातेवाईकांनी. त्या देशाने २०१३ मध्ये नवी संस्था काढली आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तीही गुंडाळण्याचे जाहीर केले. तात्पर्य, फलक लावल्याने आवाज मिळत नाही आणि मिळालेला आवाज टिकवण्यासाठी लोकांना जागे राहावे लागते.

इथे कोणी म्हणेल, आमच्याकडे कार्यकर्ते आहेत, नगरसेवक आहेत, एक फोन केला की पलंग मिळतो. अशा माणसांनी कित्येकांचे प्राण वाचवले आहेत, त्याबद्दल त्यांना अल्लाह अज्र देवो. परंतु वशिला आणि आवाज यांत फरक आहे. वशिल्याने एकाला पलंग मिळतो आणि तो बहुधा रांगेतल्या दुसऱ्याचा असतो. आवाज उठला तर पलंग कमी का आहेत, असा प्रश्न विचारला जातो. वशिल्याचा माणूस आपल्याला ओळखत असावा लागतो. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या तडवी मजुराला, भाषा न समजणाऱ्या परप्रांतीय कामगाराला, भ्रमिष्ट झालेल्या म्हाताऱ्याला कोण ओळखते? जो कोणाच्याच ओळखीचा नाही त्याचे म्हणणे ऐकले जाते की नाही, यावरच समाजाची परीक्षा व्हायची आहे.

प्रतिनिधी कोण, हाही नैतिक प्रश्न आहे. आपल्याकडे वकालतीचा नियम असा की, वकील हा मुवक्किलाच्या इच्छेने नेमला जातो, त्याने मुवक्किलाचेच म्हणणे मांडावे, स्वतःचे नव्हे, आणि मुवक्किलाला त्याला दूर करता यावे. रुग्णाच्या नावाने बसणाऱ्या प्रत्येकाला ही कसोटी लावावी. बाईच्या दुखण्याबद्दल समितीत फक्त तिचा नवरा आणि मोहल्ल्याचे सदर साहेब बोलत असतील, तर ती वकालत अपुरी आहे. आणि तक्रारीचेही अदब आहेत. जे पाहिले तेच सांगावे, वाढवून सांगू नये, चांगले वागणाऱ्या सिस्टरचे आणि डॉक्टरचे नावही तितक्याच मोकळेपणाने घ्यावे. खोटी साक्ष हा मोठ्या गुन्ह्यांपैकी एक आहे, तसेच ठाऊक असलेली साक्ष लपवणे हाही गुन्हाच आहे. आपण पहिल्याची भीती बाळगतो, दुसऱ्याचा विचार करीत नाही.

फर्जे-किफाया ही कल्पना आपल्याला जनाजाच्या नमाजमुळे माहीत आहे. काहींनी पार पाडले तर सगळे सुटले, कोणीच नाही पाडले तर सगळे गुन्हेगार. मेलेल्यासाठी जो नियम आपण इतक्या काळजीने पाळतो, तो मरणाच्या दारात असलेल्यासाठी का नको? वस्तीतल्या प्रत्येकाने अर्ज लिहिण्याची गरज नाही. पण दोन शिकलेल्या बाया, एक निवृत्त शिक्षक, एक मेडिकल दुकानदार एवढी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात असतातच. त्यांनी आपल्या दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीवर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तीत तक्रारी किती आल्या, एवढे तीन प्रश्न विचारावेत. तोंडी उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. खासगी रुग्णालयांसाठी जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक केले आणि तक्रार निवारण कक्षाची तरतूद केली. ती सनद लावली आहे की नाही, हे पाहायला तर अर्जही लागत नाही. आणि ती लावली असेल तर तिचा उर्दूत आणि अहिराणीत अर्थ सांगायला आपण आहोतच.

अर्ज फाडायला सांगणाऱ्या त्या बाईसारख्या बाया प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना धैर्याचे धडे देण्यापेक्षा, एकट्याने धैर्य दाखवायची वेळच त्यांच्यावर येऊ नये अशी सोय करणे आपल्या हातात आहे. सब्र तर त्या करीतच आल्या आहेत. त्यांची फिर्याद पुढे नेणे हे आपले काम आहे.